मांगा आणि अॅनिमे : संहिता एक, प्रयोग अनेक

नाटकाच्या रसिकाला संहिता आणि प्रयोग यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. छापील संहिता वर्षानुवर्षे तशीच राहते. प्रयोग मात्र नटसंच, दिग्दर्शक, नेपथ्य आणि प्रेक्षक यांनुसार बदलत जातो. काही प्रयोग स्मरणात राहतात, काही दहा वर्षांतच जुनाट वाटू लागतात आणि काही नाटके नव्या संचात पुन्हा उभी राहतात. जपानमधील मांगा आणि अॅनिमे यांचे नाते बरेचसे याच प्रकारचे आहे. मांगा म्हणजे नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणारी आणि पुढे पुस्तकरूपाने संग्रहित होणारी चित्रकथा. तिच्यावरून पडद्यासाठी तयार केलेला चलच्चित्रपट वा मालिका म्हणजे अॅनिमे. सर्वच अॅनिमे मांगावर बेतलेले नसतात. परंतु त्यांतील फार मोठा आणि लोकप्रिय भाग मांगावरच उभा आहे.

गेल्या दोन दशकांत आपल्या शहरांतही या दोन्हींचा रसिकवर्ग वाढला आहे. त्याच्या चर्चेत दोन प्रश्न हमखास येतात. पडद्यावरची कथा पुस्तकातल्या कथेपासून दूर का जाते, हा पहिला. आणि एके काळी डोक्यावर घेतलेली मालिका आज पाहताना थकलेली का वाटते, हा दुसरा. उत्तर बहुधा दिग्दर्शकाच्या कुवतीत किंवा प्रेक्षकाच्या आवडीनिवडीत शोधले जाते. वास्तविक दोन्ही प्रश्नांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, आणि ते म्हणजे वेळ. मांगा आणि अॅनिमे यांची घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालतात. हे ध्यानात घेतले म्हणजे अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

छापील पान आणि हलते चित्र

मांगा प्रामुख्याने काळ्या-पांढऱ्या रेषांत असते आणि उजवीकडून डावीकडे वाचली जाते. तिच्यातील वेळ वाचकाच्या हाती असतो. एका चौकटीवर तो पाच मिनिटे थांबू शकतो, मारामारीची दहा पाने अर्ध्या मिनिटात उलटू शकतो, मागे जाऊन पुन्हा पाहू शकतो. आवाजसुद्धा चित्राचाच भाग असतो; पावसाची रिपरिप, दाराचा धाडकन आवाज हे सारे अक्षरांच्या आकारातून पानावर उमटते. पान उलटल्यावर नेमके काय दिसावे, याचा विचार करून मांगाकार आपली रचना बांधतो.

अॅनिमेमध्ये ही सत्ता दिग्दर्शकाकडे जाते. शांतता किती क्षण टिकावी, हे आता तो ठरवतो. रंग, संगीत आणि पात्राचा आवाज या तीन नव्या गोष्टी येतात आणि त्या मुळात कोठेच नसतात. म्हणूनच अगदी ओळीबरहुकूम केलेले रूपांतरसुद्धा मुळाची नक्कल ठरत नाही. वाचकाने मनात ऐकलेला नायकाचा आवाज आणि पडद्यावरचा आवाज एक नसतो, आणि एकदा पडद्यावरचा ऐकला की मनातला पुसला जातो.

येथे पैशाचाही संबंध येतो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढणे दूरचित्रवाणीच्या अर्थकारणाला परवडणारे नव्हते. ओसामु तेझुका यांनी १९५२ पासून चित्रित केलेल्या 'तेत्सुवान आतोमू' अर्थात 'अॅस्ट्रो बॉय' या मांगावरील मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या मुशी प्रॉडक्शनने काटकसरीचे एक तंत्रच विकसित केले. एकच चित्र तीन चौकटींपर्यंत धरून ठेवायचे, बोलताना केवळ ओठ हलवायचे, स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवायचा आणि एकदा काढलेले उड्डाणाचे दृश्य जपून ठेवून पुनःपुन्हा वापरायचे. ही मालिका १९६६ च्या अखेरपर्यंत चालली आणि तिचे १९३ भाग झाले. मूळ कथा तेवढ्यांना पुरणे शक्यच नव्हते. साहजिकच लेखकांना नव्या कथा रचाव्या लागल्या. शेवटच्या भागात आतोमू पृथ्वी वाचवण्यासाठी सूर्याच्या दिशेने झेपावतो. मांगा त्यानंतरही १९६८ पर्यंत सुरू होती. म्हणजे मूळ आणि रूपांतर यांतील अंतर हे या माध्यमाच्या जन्मापासूनचेच आहे.

घड्याळाचा जाच

साप्ताहिक मांगाचा एक हप्ता सामान्यतः १८ ते २० पानांचा असतो. अॅनिमेचा एक भाग जाहिराती वगळता बावीस-तेवीस मिनिटांचा. एवढा वेळ भरण्यासाठी मांगाचे दोन किंवा तीन हप्ते सहज खर्ची पडतात. मांगा आठवड्याला एक हप्ता पुढे जाते; मालिका आठवड्याला दोन-तीन हप्ते खाते. सुरुवातीला मांगाची दोन-तीन वर्षांची शिल्लक असली तरी ती लवकरच संपते आणि मालिका मूळ कथेच्या पाठीला येऊन भिडते. आता करायचे काय? निर्मात्यांनी यावर चार तोडगे काढले आणि जुन्या अॅनिमेचा जवळजवळ सारा इतिहास या चार तोडग्यांत मावतो.

पहिला तोडगा भरतीच्या कथांचा. मुळात नसलेली उपकथानके मधे घालायची आणि मांगा पुढे जाईपर्यंत वेळ काढायचा. मासाशी किशिमोतो यांची 'नारुतो' १९९९ ते २०१४ या काळात ७०० हप्त्यांत पूर्ण झाली. तिच्यावरची पहिली मालिका २००२ ते २००७ अशी २२० भाग चालली. त्यांतील अखेरचे सुमारे ८० भाग जवळपास संपूर्णपणे भरतीचे आहेत. 'नारुतो शिप्पुदेन' ही पुढची मालिका २०१७ मध्ये ५०० भागांवर थांबली. अशा कथांतून पात्रांच्या जीवनात कायमचा कोणताही बदल घडवता येत नाही, कारण मूळ कथेत पुढे काय येणार हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे भागाच्या अखेरीस सारे पुन्हा जैसे थे करावे लागते. त्या बहुधा फिक्या वाटतात त्या यामुळेच.

दुसरा तोडगा ताणण्याचा. अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' १९८४ ते १९९५ या काळात ५१९ हप्त्यांत प्रसिद्ध झाली. तिच्या उत्तरार्धावरील 'ड्रॅगन बॉल झेड' ही मालिका १९८९ ते १९९६ अशी २९१ भाग चालली. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार, असे खलनायक फ्रीझर सांगतो आणि ती पाच मिनिटे पुढे अनेक आठवडे संपत नाहीत, हा रसिकांतला जुना विनोद आहे. एकमेकांकडे रोखून पाहणारे योद्धे, आरंभी मागील भागाची लांबलचक उजळणी, एकाच घटनेवर प्रत्येक पात्राची प्रतिक्रिया हे सारे वेळ काढण्याचे मार्ग होते. दर आठवड्याला एक भाग पाहणाऱ्या मुलाला त्यातून उत्कंठाही मिळत असे. सलग दहा भाग पाहणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला मात्र तेच असह्य होते. मालिका तीच आहे. पाहण्याची रीत बदलली आहे.

तिसरा तोडगा स्वतंत्र शेवट रचण्याचा आणि चौथा मध्येच थांबण्याचा. ताकेहिको इनोउए यांच्या 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलवरील मांगावरची मालिका १९९३ ते १९९६ या काळात १०१ भाग चालली आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर संपली. केंतारो मिउरा यांच्या 'बर्सर्क' या मांगावरील १९९७ ची मालिका २५ भागांनंतर कथेतील सर्वांत भीषण घटनेवर येऊन थांबली. पुढचे ज्याला हवे त्याने पुस्तक वाचावे, हाच त्याचा अर्थ होता.

एकच गोष्ट, दोनदा सांगितलेली

स्वतंत्र शेवट म्हणजे मुळाची हानीच, असा समज रूढ आहे. तो तपासून पाहण्यासाठी 'फुलमेटल अल्केमिस्ट' इतके चांगले उदाहरण नाही. हिरोमु अराकावा यांची ही मांगा 'शोनेन गांगान' या मासिकात २००१ ते २०१० या काळात आली आणि २७ खंडांत पूर्ण झाली. बोन्स स्टुडिओने २००३ मध्ये मालिका सुरू केली तेव्हा मूळ कथा निम्म्यावरही पोहोचली नव्हती. दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि लेखक शो आइकावा यांनी अराकावा यांच्या संमतीने कथा वेगळ्या वाटेने नेली आणि ५१ भागांत संपवली.

मृत आईला किमयेने परत आणण्याचा दोन भावांचा प्रयत्न फसतो आणि त्याची किंमत त्यांना शरीराने चुकवावी लागते, हा आरंभ दोन्हीकडे समान आहे. परंतु मांगामध्ये कृत्रिम मानव हे एका महत्त्वाकांक्षी निर्मात्याने स्वतःतून वेगळ्या काढलेल्या दुर्गुणांची रूपे आहेत. पहिल्या मालिकेत ते मृतांना परत आणण्याच्या फसलेल्या प्रयत्नांतून जन्मले आहेत. केवळ या एका बदलाने साऱ्या कथेचा भावार्थ पालटतो. मांगा राष्ट्र, युद्ध आणि सामूहिक अपराध यांच्याकडे जाते आणि शेवटी बहुतेक धागे जुळवून आणते. मालिका शोकाकडे वळते. तिच्यातला प्रत्येक शत्रू हा कोणाच्या तरी न आवरलेल्या दुःखाचे अपत्य आहे. २००५ च्या पुढील चित्रपटात तर नायक १९२३ च्या म्युनिकमध्ये, आपल्याच इतिहासात येऊन पडतो.

त्याच स्टुडिओने २००९ मध्ये यासुहिरो इरिए यांच्या दिग्दर्शनाखाली 'ब्रदरहूड' ही दुसरी मालिका काढली. ती मुळाला धरून होती, ६४ भागांची होती आणि २०१० मध्ये मांगा संपली त्याच सुमारास संपली. तिची बांधणी अधिक भक्कम आहे यात शंका नाही. परंतु तिलाही काळाचा एक दंड भरावा लागला. पहिली मालिका लोकांनी पाहिलेलीच आहे, असे गृहीत धरून आरंभीचे प्रसंग तिने भराभर उरकले. मेस ह्यूज या अधिकाऱ्याचा मृत्यू पहिल्या मालिकेत पंचविसाव्या भागात येतो, दुसरीत दहाव्या. पंचवीस भाग ज्याच्याशी ओळख वाढली त्याचे जाणे आणि दहा भागांत ज्याची तोंडओळख झाली त्याचे जाणे यांत फरक पडतोच. मुळाशी निष्ठा राखणारे रूपांतर प्रत्येक ठिकाणी सरस ठरेलच असे नाही, हा यातला धडा.

लेखकच दिग्दर्शक असतो तेव्हा

रूपांतरातील बदलांचा दोष परक्या हातांवर टाकण्याची सवय आपल्याला असते. पण मूळ लेखकच दिग्दर्शक असला तरी अंतर पडते, किंबहुना काही वेळा अधिकच पडते. हायाओ मियाझाकी यांनी 'नौसिका' ही मांगा 'अॅनिमेज' मासिकात १९८२ मध्ये सुरू केली. तिच्यावरचा चित्रपट त्यांनीच १९८४ मध्ये दिग्दर्शित केला, तेव्हा सात खंडांपैकी जेमतेम पहिल्या दोनांइतकी कथा तयार होती. चित्रपटाचा शेवट आशेचा आहे. विषारी अरण्य पृथ्वीला शुद्ध करीत आहे आणि एक दिवस माणूस त्या शुद्ध जगात नांदेल, असा दिलासा तो देतो. मियाझाकी त्यानंतर आणखी दहा वर्षे, १९९४ पर्यंत, अधूनमधून खंड पडत ही कथा लिहीत राहिले आणि त्यांनी स्वतःचाच दिलासा काढून घेतला. ते अरण्य प्राचीन मानवांनी योजनापूर्वक निर्माण केलेले आहे. विषाला सरावलेली आजची माणसे शुद्ध हवेत जगूच शकणार नाहीत. त्यांची जागा घेण्यासाठी दुसरी मानवजात राखून ठेवली आहे, हे सत्य नौसिकेला कळते. ती त्या 'शुद्ध' भविष्याचा नाश करते आणि आपल्या सदोष, मर्त्य जगाची बाजू घेते. दोन्ही कृती एकाच माणसाच्या आहेत. फक्त त्यांच्यामध्ये त्याच्या आयुष्याची दहा वर्षे आहेत.

कात्सुहिरो ओतोमो यांच्या 'अकिरा'ची हकीकत अशीच. मांगा १९८२ ते १९९० या काळात आली, दोन हजारांहून अधिक पानांची झाली. चित्रपट ओतोमो यांनीच केला आणि तो १९८८ मध्ये, मांगा पूर्ण होण्यापूर्वी, प्रदर्शित झाला. मांगातला अकिरा हा एक जिवंत मुलगा आहे. कथेच्या मध्यावर तो निओ-टोकियो उद्ध्वस्त करतो आणि उत्तरार्ध त्या भग्नावशेषांत घडतो. चित्रपटात हा उत्तरार्ध जवळपास नाहीच आणि अकिरा उरतो तो काचेच्या नळ्यांत जतन केलेल्या अवशेषांपुरता. नगर कोसळल्यावर माणसे कशी जगतात, हा मांगातला सर्वांत सखोल प्रश्न चित्रपटात गळाला. त्याच्या बदल्यात मिळाले ते एक अपूर्व दृश्यवैभव. दीड लाखाहून अधिक चित्रपटले हाताने रंगवून उभे केलेले रात्रीचे शहर आजही फिके पडलेले नाही. योगायोगाची गोष्ट अशी, की चित्रपटातला काळ २०१९ चा आहे आणि त्यातले टोकियो २०२० च्या ऑलिम्पिकच्या तयारीत आहे. प्रत्यक्षातही २०२० चे ऑलिम्पिक टोकियोलाच मिळाले आणि महासाथीमुळे ते २०२१ मध्ये झाले.

थांबवलेला काळ

काही मालिका म्हाताऱ्या होत नाहीत, कारण त्यांनी काळच थांबवलेला असतो. वृत्तपत्रांच्या वाचकांना यातील 'साझाए-सान'चे उदाहरण विशेष जवळचे वाटेल, कारण ही मांगा मुळात दैनिकातली चार चौकटींची चित्रमालिका होती. माचिको हासेगावा या महिला चित्रकर्तीने ती १९४६ मध्ये, युद्धाने होरपळलेल्या जपानमध्ये सुरू केली आणि १९७४ पर्यंत चालवली. शिधावाटप, टंचाई, स्त्रियांचे नवे स्वातंत्र्य, पुढे आलेली सुबत्ता हे सारे तिच्यात त्या त्या दिवसाच्या बातमीसारखे उतरले आहे. तिच्यावरची मालिका ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाली, दर रविवारी संध्याकाळी लागत राहिली आणि जगातील सर्वाधिक काळ चाललेली चलच्चित्र मालिका म्हणून तिची विश्वविक्रमात नोंद झाली. परंतु मांगाचा तिखटपणा मालिकेत उरला नाही. तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब, घरी किमोनो घालणारे आजोबा, काळा तबकडीचा दूरध्वनी अशा एका न संपणाऱ्या कालखंडात ती स्थिरावली. आजोबा नामिहेइ यांचे वय ५४ ठरलेले आहे. १९६९ मध्ये ते निवृत्तीच्या दारातले वय होते. आजच्या ५४ वर्षांच्या गृहस्थाला त्यांच्यात आपले रूप दिसणे अवघड. मांगा आपल्या काळाबरोबर जगली म्हणून ती इतिहासाचे साधन झाली. मालिका काळाबाहेर राहिली आणि तिचा गोड स्मृतिचित्रांचा संग्रह झाला.

आपल्या घरांत पोहोचलेल्या 'डोरेमॉन'चेही असेच. फुजिको एफ. फुजिओ यांची ही मांगा १९६९ च्या अखेरीस सुरू झाली. १९७३ ची पहिली मालिका अल्पायुषी ठरली. १९७९ मध्ये सुरू झालेली दुसरी पिढ्यान्पिढ्यांची सोबती बनली. नोबुयो ओयामा यांनी २००५ पर्यंत सव्वीस वर्षे डोरेमॉनला आवाज दिला. त्या वर्षी सारा नटसंच बदलला तेव्हा जपानमधील प्रौढ प्रेक्षकही हळहळले. १९९६ मध्ये लेखकाचे निधन झाले. तरीही नोबिता शाळेच्या त्याच इयत्तेत आहे. भारतात या मालिकेने त्याच २००५ च्या सुमारास हिंदीतून प्रवेश केला. त्यामुळे मराठी मुलांच्या मनातला नोबिता हिंदी बोलतो आणि त्याची मांगा मात्र आपल्याकडे फारच थोड्यांनी पाहिली आहे.

'शिन-चॅन'ची कथा आणखी बोलकी आहे. योशितो उसुई यांची मूळ मांगा १९९० मध्ये मोठ्यांसाठीच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. तिचा विनोद प्रौढ वाचकाला उद्देशून होता. १९९२ मध्ये मालिका आली आणि हळूहळू ती सहकुटुंब पाहण्याची झाली. भारतात ती लहान मुलांच्या वाहिनीवर लागली. पालकांनी आक्षेप घेतले, २००८ मध्ये तिचे प्रसारण थांबवावे लागले आणि पुढे ती काटछाट करून परतली. आक्षेप निराधार नव्हते. परंतु मुळात ही कलाकृती मुलांसाठी नव्हतीच, हे त्या वादात फारसे कोणी सांगितले नाही.

चित्रफितीचे वय

रुचीप्रमाणेच तंत्रालाही वय असते आणि येथे एक मोठा विरोधाभास दिसतो. १९९० च्या दशकापर्यंत अॅनिमेची चित्रे पारदर्शक पटलांवर रंगवली जात आणि ती चौकट-चौकट करून फिल्मवर टिपली जात. ही फिल्म सुस्थितीत असेल तर तिच्यावरून आजही नव्याने, पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट प्रत काढता येते. म्हणून १९८८ चा 'अकिरा' आज पहिल्यापेक्षाही झळाळीने पाहता येतो. त्यानंतर संगणकावर रंग भरण्याची पद्धत आली. साधारण २००० ते २००६ या काळातील अनेक मालिका त्या वेळच्या दूरचित्रवाणी संचाला पुरेल एवढ्याच तपशिलाने संगणकावर तयार झाल्या. त्यांच्यामागे फिल्म नाही. त्या कितीही मोठ्या केल्या तरी नसलेला तपशील येणार कोठून? परिणामी १९८५ ची मालिका आज टवटवीत दिसते आणि २००३ ची धूसर. 'साझाए-सान'ने मात्र हाताने रंगवलेली पटले सर्वांत शेवटी, २०१३ मध्ये सोडली.

जुन्या मालिका आजच्या रुंद पडद्यावर बसवण्यासाठी चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापण्याची एक वाईट रीतही पडली आहे. रचनाकाराने विचारपूर्वक मोकळी सोडलेली जागा त्यात नाहीशी होते. दुरुस्तीचा उत्साहही घातक ठरू शकतो. मासामुने शिरो यांच्या १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'घोस्ट इन द शेल' या मांगावर मामोरू ओशी यांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. मांगा थट्टामस्करीला जागा देणारी, चित्रपट गंभीर आणि चिंतनशील. हे रूपांतर मुळापासून दूर जाऊनही श्रेष्ठ ठरले. २००८ मध्ये ओशी यांनीच त्यातील काही दृश्ये संगणकीय त्रिमित चित्रांनी बदलून आणि रंगछटा पालटून नवी आवृत्ती काढली. आज १९९५ ची हातची चित्रे ताजी वाटतात आणि २००८ ची 'आधुनिक' दृश्ये जुनी. नव्या तंत्राची झळाळी सर्वांत लवकर उतरते, हे यातून ध्यानात यावे.

कागदही अमर नाही. मांगा साप्ताहिके हलक्या, पुनर्वापराच्या कागदावर छापली जातात आणि वाचून टाकून दिली जातात. चित्रपटलेही काम संपल्यावर फेकली किंवा विकली जात. जी उरली त्यांतील अनेकांचा पाया काळानुरूप कुजतो आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. एखाद्या कलाकृतीचे पुढच्या पिढीला काय दिसणार, हे अनेकदा तिच्या गुणांवर नव्हे तर कोणत्या गोदामात काय उरले यावर अवलंबून राहते.

रुचीचे वय

काही गोष्टी मात्र जतन करूनही टोचतात. जुन्या मांगांतील आफ्रिकी वंशाच्या लोकांची विरूप चित्रे, स्त्रियांच्या छेडछाडीवरचे विनोद आज खपून जात नाहीत. येथे दोन्ही माध्यमांनी भिन्न मार्ग धरले. तेझुका यांची पुस्तके आज मूळ स्वरूपातच छापली जातात आणि त्या चित्रणाविषयी स्पष्टीकरणाची टीप सोबत जोडलेली असते. लेखक १९८९ मध्ये निवर्तला. त्याच्या पश्चात चित्रे बदलणे योग्य नव्हे, ही त्यामागची भूमिका. अॅनिमेची नवी आवृत्ती करताना असे प्रसंग सरळ गाळले वा मवाळ केले जातात. पुस्तक आपल्या काळाची साक्ष देते, मालिका आपल्या प्रेक्षकाशी जुळवून घेते. दोन्हींची गरज आहे. फक्त एकाला दुसऱ्याच्या जागी मानू नये.

नव्या संचात

गेल्या पंधरा-वीस वर्षांत घड्याळाचा जाच सैल झाला. वर्षभर अखंड चालणाऱ्या मालिकांऐवजी बारा-तेरा भागांचे हंगाम आले. मांगा पुढे जाईपर्यंत थांबण्याची मुभा मिळाली. कोयोहारु गोतोगे यांची 'किमेत्सु नो याइबा', म्हणजे आपल्याकडे 'डेमन स्लेयर' म्हणून परिचित असलेली मांगा २०१६ ते २०२० या काळात २३ खंडांत संपली. युफोटेबल स्टुडिओची २०१९ पासूनची मालिका तिच्याशी जवळजवळ ओळीबरहुकूम राहिली आणि तरीही मूळच्या काहीशा ओबडधोबड रेषांना तिने वेगळेच तेज दिले. २०२० च्या 'मुगेन ट्रेन' चित्रपटाने जपानमधील उत्पन्नाचे सारे विक्रम मोडले. १९९९ पासून जवळजवळ अखंड चाललेल्या 'वन पीस' मालिकेनेही २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग काढण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर केला.

याच काळात जुन्या मालिका नव्या संचात येऊ लागल्या. 'ड्रॅगन बॉल झेड'चे जुनेच चित्रण कापून, आवाज नव्याने मुद्रित करून २००९ मध्ये 'काइ' ही आवृत्ती निघाली. भरतीचा भाग गळताच कथा पुन्हा धावू लागली. 'सेलर मून'ची नवी मालिका २०१४ मध्ये मुळाशी निष्ठेचे आश्वासन घेऊन आली. पण पहिल्या मालिकेतील भरतीच्या भागांतच मैत्रिणींमधली दैनंदिन थट्टामस्करी आणि जिव्हाळा होता, हे अनेकांना तेव्हा उमगले. आणि 'स्लॅम डंक'ची अपुरी गोष्ट? २०२२ मध्ये खुद्द इनोउए यांनी चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. मालिका जेथे पोहोचलीच नव्हती तो निर्णायक सामना त्यांनी दाखवला, पण तो मूळ नायकाऐवजी र्योता मियागी या दुय्यम खेळाडूच्या दृष्टीतून. जुने आवाज बदलले म्हणून प्रदर्शनापूर्वी रसिक रुष्ट झाले होते. चित्रपट पाहिल्यावर तो राग मावळला. सव्वीस वर्षांनी लेखकाने आपल्याच कथेकडे दुसऱ्या बाजूने पाहिले, हे रूपांतराचे सर्वांत उमदे रूप म्हणावे लागेल.

निष्ठेचा हा नवा आग्रह सर्वस्वी लाभाचा आहे काय? भरतीचे कंटाळवाणे भाग गेले, हे खरेच. परंतु त्याबरोबर २००३ च्या 'फुलमेटल'सारखे किंवा १९९५ च्या 'घोस्ट इन द शेल'सारखे धाडसही विरळ झाले आहे. मूळ लेखक हयात नसेल तेव्हा तर प्रश्न अधिकच नाजूक होतो. २०२१ मध्ये मिउरा यांचे निधन झाले तेव्हा 'बर्सर्क' अपुरी होती. २०२२ पासून त्यांचे मित्र कोजी मोरी यांच्या देखरेखीखाली, त्यांच्या साहाय्यकांच्या हातून ती पुढे सरकत आहे. म्हणजे मांगासुद्धा कधी कधी एक 'प्रयोग' होऊ शकते.

आधी काय, पुस्तक की पडदा?

नवख्या रसिकाला काही ढोबळ आडाखे उपयोगी पडतील. साप्ताहिकातील दीर्घ साहसकथा असेल आणि मालिका २०१० पूर्वीची असेल, तर मांगा आधी वाचावी. वेळही वाचेल आणि लेखकाची गतीही कळेल. अलीकडची हंगामी मालिका असेल, तर पडद्यापासून आरंभ करण्यास हरकत नाही. मूळ लेखकानेच चित्रपट केला असेल, तर दोन्ही स्वतंत्र कृती समजून पाहाव्यात. जुनी मालिका पाहताना आठवड्याला एक-दोन भागच पाहावेत; ती ज्या गतीसाठी बांधली होती, त्या गतीने पाहिल्यास तिचे निम्मे वार्धक्य नाहीसे होते. शक्य असेल तेथे मूळ चौकोनी आकारातली, न कापलेली प्रत निवडावी. आणि एखाद्या कृतीविषयी मत बनवताना आपण तिची कोणती आवृत्ती पाहिली, हे आधी स्वतःशी स्पष्ट करावे. पुष्कळसे वाद तेवढ्यानेच मिटतील.